तरीचं खातं कोणतं?

जुळे सोलापुरात राहणारा माणूस होड्यांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जणांना हसू आलं असेल. जिथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथल्यानं नावेच्या गोष्टी सांगायच्या! पण ते नळाचं पाणी येतं कुठून? बरंचसं उजनी धरणातून. आणि त्याच उजनीच्या पाण्याखाली कितीतरी गावांचे जुने रस्ते गेले. आपल्या पिंपातल्या पाण्याच्या वरच्या अंगाला माणसं लाँचमध्ये बसून बाजाराला जातात, दवाखान्यात जातात, लग्नाला जातात. सोलापुरात बसून हे आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं.

आठवण झाली ती 21 मे 2024 ला. करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि पलीकडे इंदापूर तालुक्यातलं कळाशी, या दोन काठांमध्ये चालणारी प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळवाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण गेले. त्यांत लहान मुलं होती. आपत्ती दलाचे जवान येऊन शोधत राहिले, पुढारी काठावर येऊन गेले, वर्तमानपत्रांनी दोन-तीन दिवस मथळे दिले. त्याआधी 2017 च्या एप्रिलअखेरीस याच जलाशयात अजोतीजवळ अकलूज भागातल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा मृत्यू झाला होता. ती हौसेची फेरी होती. कुगावची मात्र एस.टी.सारखी रोजची गरज.

काही वर्षांपूर्वी मी धरणाच्या या फुगवट्यावर एका लाँचमधून पलीकडे गेलो होतो, लग्नाला. दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या, खताची पोती, मांडीवर मूल घेतलेली एक बाई, आणि कागदात गुंडाळलेला आहेर सांभाळत मी. लाइफ जॅकेटचं विचारलं, तर चालवणारा म्हणाला, “पाव्हणं, पवायला येतंय न्हवं?” मला येत नव्हतं. गप्प बसलो. त्याच्यावर मी रागावलो नाही, आजही नाही. तो नसता तर मला टेंभुर्णीवरून नाहीतर भिगवणवरून मोठा वळसा घालावा लागला असता. डिकसळला इंग्रजांच्या काळचा, पूर्वी रेल्वेचा असलेला पूल आहे, त्याची अवस्था त्या भागातल्या कुणालाही विचारा.

आता मूळ मुद्दा. धरणाचं काम 1980 च्या सुमाराला पुरं झालं. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. भीमेचं पात्र पूर्वी उन्हाळ्यात पायी ओलांडता येई, तिथं बारमाही पसरलेलं पाणी आलं. दोन्ही काठांवरच्या सोयरिकी राहिल्या, शेतं राहिली, मधला रस्ता गेला. लोकांनी आपली सोय आपण केली. आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती सोय सरकारी कागदावर ‘वाहतूक’ म्हणून कुठे दिसली, ते मला शोधून सापडलेलं नाही.

पाणी जलसंपदा विभागाचं. मासे म्हटले की मत्स्यव्यवसाय विभाग. जलयानांची नोंदणी-तपासणी हे मेरीटाइम बोर्डाचं काम, त्याचं मुख्यालय मुंबईला, समुद्राच्या शेजारी. काठ ग्रामपंचायतीचा. माणूस बुडाला की पोलीस आणि महसूल. पण ही माणसं रोज पलीकडे कशी जाणार, भाडं किती, वारा सुटला तर फेरी बंद करायची कुणी सांगायची, याचं खातं कोणतं?

कायदा नाही असं नाही. मुंबई इलाख्यात 1868 पासून तरींचा कायदा आहे. तर म्हणजे होडीनं नदी उतरून जाण्याची सार्वजनिक सोय. कोकणात आणि गोव्यात हा शब्द जिवंत आहे, आपल्याकडे तो पुलांनी पुसला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत तेराव्या नोंदीत रस्ते आणि पूल यांच्या पंक्तीला तरी बसवल्या आहेत. म्हणजे घटनाकारांना तर आणि पूल सारखेच महत्त्वाचे वाटले. शिवाय 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा नवा केंद्रीय कायदा आहे, त्यानं 1917 चा जुना कायदा मोडीत काढला. नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा, जीवरक्षक साधनं, सगळं त्यात आहे. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर होडी बुडायचं कारणच नाही.

मग विचारायचं कुणी? इथं समित्या येतात. संसदेत 1993 पासून खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या आहेत. वाहतूक, पर्यटन आणि संस्कृती यांची समिती त्यांतलीच, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. सभागृहातला आरडाओरडा आपण टीव्हीवर बघतो. समितीची बैठक बंद दाराआड चालते, कॅमेरा नसतो, म्हणून पक्षाचा अभिनिवेश जरा कमी असतो. सचिवांना समोर बसवून विचारतात: मागच्या वर्षी एवढे पैसे मागितले, खर्च का झाले नाहीत? शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण तिचं काय केलं ते कळवावं लागतं. नाही म्हणायचं तरी कारण लिहून द्यावं लागतं. साधी गोष्ट वाटते, पण कार्यालयात काम केलेल्या माणसाला विचारा, लेखी ‘नाही’ द्यायला अधिकारी किती घाबरतो.

एक गंमत सांगतो. 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यांत 21 व्या क्रमांकावर आपली भीमा आहे. पण कर्नाटक-तेलंगणातला खालचा भाग. म्हणजे दिल्लीतल्या समितीला त्या भीमेबद्दल खुशाल प्रश्न विचारता येतो. जिथं रोज माणसं उतरतात ती उजनीची भीमा राज्याची. बरोबरच आहे ते, पण मग मुंबईत विधिमंडळाच्या समित्यांनी तरी विचारायला हवं.

आपल्याला समिती म्हटलं की पंचायत राज समिती आठवते. ती जिल्हा परिषदेत येणार असली की आठ दिवस आधी भिंतींना चुना लागतो, फायलींवरची धूळ झटकली जाते, गैरहजर राहणारे हजर होतात. लोक हसतात, पण मी त्या चुन्याच्या बाजूचा आहे. कुणीतरी विचारायला येणार या धाकानंच निम्मं काम होतं. याशिवाय लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. अडचण अशी की यांतल्या बहुतेक समित्या पैशाच्या मागून चालतात. अर्थसंकल्पात ओळ असेल तर प्रश्न. त्या लाँचवर सरकारचा एक रुपया खर्च होत नाही, म्हणून तिच्याबद्दल लेखापरीक्षणाचा एक परिच्छेदही निघत नाही. फुकटची सोय कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

स्कॉटलंडचं उदाहरण देतो, कारण तिथं याच्या उलट घडलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांना जोडणारी बोटसेवा तिथं सरकारी आहे. 2015 मध्ये दोन नव्या फेरीबोटींचं कंत्राट दिलं, 97 दशलक्ष पौंडांचं, बोटी 2018 पर्यंत मिळायच्या होत्या. 2017 च्या नोव्हेंबरात पहिल्या बोटीचं थाटात जलावतरण झालं. फोटोत काचा चमकत होत्या. पुढे कळलं, त्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या! भूमिपूजनाचा दगड बसवून पूल झाल्याचा आनंद मानणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून फार घरच्यासारखं वाटेल. ती बोट प्रवाशांना घेऊन निघाली 2025 च्या जानेवारीत. खर्च कित्येक पटींनी वाढला.

पण तिथल्या संसदेच्या समित्यांनी हे सोडलं नाही. एका समितीनं 2020 च्या डिसेंबरात कडक अहवाल दिला. महालेखापरीक्षकांनी 2022 मध्ये म्हटलं की मंत्र्यांनी या कंत्राटातला धोका का पत्करला ते सांगणारे पुरेसे कागद मिळत नाहीत. कागद न मिळणं ही काही फक्त आपली मिरासदारी नाही, हे ऐकून जरा बरं वाटलं. मग दुसऱ्या समितीनं त्या न मिळालेल्या कागदांवरून साक्षी घेतल्या. आणखी एका समितीनं बोटसेवा कशी असावी यावर बेटांवरच्या लोकांचं म्हणणं ऐकून 2023 च्या जूनमध्ये अहवाल काढला. बोटी त्यामुळे लवकर आल्या का? नाही. पण कोण चुकलं हा प्रश्न बुडू दिला नाही.

गोव्यात फेरीबोटी चालवणारं स्वतंत्र सरकारी खातं आहे. रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी, पायी माणसाला तिकीट नाही. रांगा लागतात, बोटी बिघडतात, लोक शिव्या देतात. शिव्या कुणाला द्यायच्या हे मात्र त्यांना ठाऊक असतं. आमदार विधानसभेत उभा राहून मंत्र्याला विचारू शकतो. मुंबईत 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 जणांचा जीव गेला, तेव्हाही गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती लगेच सुरू झाली. तिथं सक्ती कुणी करायची हे ठरलेलं होतं.

कुगाव ते शिरसोडी पूल मंजूर आहे. तो होईल तेव्हा कुगावची लाँच आपोआप थांबेल, आणि थांबावीच. पण फुगवटा केवढा लांब! जिथं पूल येणार नाही तिथली होडी चालूच राहणार. पंढरपुरात चंद्रभागेत कोळी बांधवांच्या होड्या वारकऱ्यांना पुंडलिकाकडे, विष्णुपदाकडे नेतात, वारीत तर त्यांना उसंत नसते. त्याही आपल्याच जिल्ह्यातल्या.

विधिमंडळात विनंती अर्ज समिती नावाची एक समिती आहे. सामान्य नागरिकाचा अर्ज आमदारामार्फत तिच्यापुढे जाऊ शकतो. परवा रात्री मी असा अर्ज लिहायला बसलो. प्रश्न चारच. जिल्ह्यातल्या प्रवासी होड्या किती, नोंद कितींची, शेवटची तपासणी कधी, आणि वादळाचा इशारा नावाड्यापर्यंत पोचवतं कोण? ते झटक्यात लिहून झाले. मग वर गेलो, ‘विषय’ लिहिला आणि पुढे लिहिलं ‘संबंधित विभाग’. जलसंपदा लिहिलं, खोडलं. परिवहन लिहिलं, खोडलं. बंदरे लिहिलं. आमच्या सोलापूरला बंदर! तेही खोडलं. ती ओळ अजून कोरी आहे.