एकोणतीस मिनिटांची कमाई

मुलाच्या खोलीतला गोंगाट थांबवायला गेलो आणि शेवटपर्यंत ऐकत राहिलो. फार वेळ लागलाच नाही. १४ गाणी, सगळी मिळून २९ मिनिटांची! आपल्याकडे तेवढ्या वेळात बडा ख्याल कुठे रंगायला लागतो.

तो होता ‘रमोन्स’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम, १९७६ सालचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार मुलं. नात्यानं कुणी कुणाचं नव्हे, पण चौघांनी आडनाव एकच लावलं : रमोन. तेव्हा रॉकमध्ये लांबलचक गिटारवादनाचा बडेजाव होता. यांनी तो सोडला. मोजके कॉर्ड, धावती लय आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल. पुढे ज्याला पॉप पंक म्हणू लागले, त्याचं मूळ इथलं. ध्वनिमुद्रण आठवडाभरात उरकलं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर.

विक्री मात्र बेताची. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अल्बम १११व्या क्रमांकावरच अडला. पाच लाख प्रतींची ‘गोल्ड’ मोहोर उमटली ती ३८ वर्षांनी, २०१४ साली. तोवर जोई, डी डी आणि जॉनी हे तिघे गेले होते. ड्रमवादक टॉमीही त्याच वर्षी जुलैत गेला. पण दरम्यान कितीतरी पोरांना ‘हे आपल्यालाही जमेल’ असं वाटलं आणि त्यांनी गिटार हातात घेतली.

माझा मुलगाही त्यातलाच. ‘यातून मिळणार काय?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. त्या दिवशी तो मी विचारला नाही.