दोन तारा, एक वाट

1996 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मल्टिलिंक पीपीपी’च्या नियमांप्रमाणे आयएसडीएन टेलिफोनच्या 64 किलोबिटच्या दोन वाहिन्या जोडून 128ची एक वाट होई. दोन्ही टोकांच्या यंत्रांत आधी करार व्हावा लागतो. मग निरोपाचे तुकडे क्रमांक घालून धाडावयाचे, पलीकडे जुळवावयाचे. एक वाहिनी तुटली तरी दुसरी काम रेटते. आम्ही युनियनवाले यालाच एकजूट म्हणतो.

पण तारा एकाच चरात पुरल्या तर? 30 जानेवारी 2008 रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि हिंदुस्थानचे इंटरनेट मंदावले. मनसरहून रामटेकला दोन तारा एकाच चरातून आणल्या, तर कुदळीच्या एका घावाने दोन्ही जातील. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र अडेल आणि मजुराचा रोज बुडेल. म्हणून तार टाकणाऱ्याला आधी विचारा, चर किती?