शारदेचा सौदा
धानाची कापणी आटोपल्यावर भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके रंगतात, आणि प्रणय व पैसा यांचा झगडा तेथील प्रेक्षकांस मुळीच नवा नाही. परंतु त्या झगड्याचे सर्वांत निष्ठुर रूप मला गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ नाटकात दिसते. धनाढ्य वृद्ध वर भुजंगनाथ, शारदेचा द्रव्यलोभी पिता कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित यांनी जुळविलेल्या तिच्या विवाहाच्या सौद्यास तरुण कोदंड हरकत घेतो, आणि तीही प्रेमाच्या नव्हे, तर सगोत्रतेच्या मुद्द्यावर! अमेरिकन लेखक फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ सालच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’त डेझीसाठी अमाप संपत्ती जमविणारा नायक तिच्या धनिक पतीशी स्पर्धा करतो, शारदेची किंमत मात्र परस्पर तिच्या बापाच्या पदरात पडायची असते.