मुद्दल खाऊन आलेली भरभराट

निसर्गाच्या नासाडीचं एक मूळ आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे, हे मला आज मांडायचं आहे. जंगल तोडून लाकूड विकलं की राष्ट्रीय उत्पन्न वाढतं. जंगल घटल्याची नोंद त्या आकड्यात होत नाही. यंत्र झिजलं तर घसारा धरतात, मातीला आणि खनिजाला तो नाही. 1989 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियाचा हिशेब नव्याने मांडला. 1971 ते 1984 या काळात त्या देशाची वाढ वर्षाला सरासरी 7.1 टक्के दिसत होती. तेल, लाकूड आणि माती या तिन्हींची घट वजा केली, तेव्हा ती 4 टक्क्यांवर आली. बाकीची भरभराट मुद्दल खाऊन आलेली होती.

प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटावर हे टोकाला गेलं. क्षेत्रफळ अवघं 21 चौरस किलोमीटर. तिथलं फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांमधल्या फटींत भरलेलं असे. आधी झाडी आणि वरची माती काढायची, मग फटींतलं फॉस्फेट उपसायचं. मागे उरतात माणसाहून उंच, राखाडी, धारदार सुळके. तिथे पीक घेता येत नाही, घर बांधता येत नाही. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग असा झाला आणि वस्ती किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात उरली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांच्या सरकारी मंडळाने हे फॉस्फेट बाजारभावापेक्षा स्वस्तात आपल्या शेतकऱ्यांना पुरवलं. त्यावर पोसलेला गहू आणि लोकर त्या देशांच्या उत्पन्नात जमा झाली. नाउरूची गेलेली जमीन त्यांच्या खर्चात तेव्हा आली नाही. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

यावर कुणी म्हणेल, 1968 मध्ये स्वतंत्र झाल्यावर खाणी नाउरूनेच चालवल्या आणि पैसाही त्यांनीच उधळला; दोष कारभाराचा आहे. कारभार वाईट होता, यात शंका नाही. फॉस्फेटच्या पैशातून मेलबर्नमध्ये उभारलेली 52 मजली इमारत 2004 मध्ये विकावी लागली. नॉर्वेने मात्र तेलाचा पैसा निधीत राखला. पण नॉर्वेला ते साधलं, कारण तेल विकून आलेला पैसा म्हणजे मुद्दल, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाय नाउरूचा फॉस्फेटचा पैसा शाबूत राहिला असता, तरी त्या सुळक्यांवर माती परतली नसती. म्हणून पैशाची भरपाई आणि जमिनीची भरपाई वेगवेगळी मोजायला हवी.

निसर्गाला किंमत लावायची कशी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. गेलेल्या रानाची पूर्ण किंमत कुणीही सांगू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण आकडा लिहिला नाही, की हिशेबात तिथे शून्य धरलं जातं, आणि ते शून्य तर निखालस खोटं आहे. 1989 मध्ये नाउरूने उजाड झालेल्या जमिनीच्या भरपाईसाठी ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 1993 मध्ये तडजोड होऊन 10.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल झाले. रक्कम तोकडी होती, तरी ती घट प्रथमच वापरणाऱ्याच्या नावावर मांडली गेली. आपल्याकडेही 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. खनिजाच्या घटीची थोडी नोंद त्यात झाली. खाणमातीने बुजलेली भातशेतं आणि ओढे यांची रक्कम वेगळी काढावी लागेल, आणि गोव्याचं खनिज बहुतांशी परदेशी गेलं असल्याने ती तिथल्या पोलादाच्या किमतीतही धरावी लागेल.