रोप आणि त्याचा डोंगर



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा अत्यंत ऋणी आहे. निमंत्रण आले तेव्हा प्रथम वाटले की, ह्या प्रसंगाला साजेल असा एखादा भारदस्त विषय निवडावा. परंतु गुरुजींना भारदस्त शब्दांचे वावडे होते, हे त्यांच्या हाताखाली शिकलेला कोणीही सांगेल. म्हणून मी आज एका रानफुलाविषयी बोलणार आहे. ह्या फुलाशी माझा एक अपराध निगडित आहे आणि तो गुरुजींनीच मला उमजवून दिला.

१९९२ च्या ऑगस्टमधील ही गोष्ट. मी वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर्गात होतो आणि आमची अभ्याससहल मसुरीस गेली होती. धनौल्टीच्या वाटेवर देवदारांच्या सावलीत, दगडांच्या फटींतून निळसर जांभळी फुले डोकावत होती. पाच पाकळ्या, त्यांवर गडद शिरा. आमच्या सरांनी नाव सांगितले : जिरेनियम वॉलिचिआनम. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे एके काळचे अधीक्षक नथानिएल वॉलिच यांच्या नावावरून ते पडले आहे. सर पुढे म्हणाले, “हे मोठे कणखर झाड. हिवाळ्यात बर्फाखाली गाडले जाते आणि वसंतात पुन्हा उठते.” ते ऐकून माझ्या मनात आले, बर्फाला जे भीत नाही, ते आपल्या कडोदऱ्याला काय भिणार? सरांची नजर चुकवून मी दोन रोपे जाड मुळांसकट उपटली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि थेट गुरुजींपुढे आणून ठेवली. शाळेच्या व्हरांड्यात कुंड्या भरल्या. नवरात्रापर्यंत दोन्ही रोपे कुजून गेली होती.

मी म्हणालो, “गुरुजी, रोप कणखर होते, पण टिकले नाही.” गुरुजींनी कुंडीतील काळी चिकण माती बोटांनी उकरली आणि म्हणाले, “अरे, रोप आणलेस, पण त्याचा डोंगर कुठे आणलास?”

आजचे माझे व्याख्यान म्हणजे ह्या एका वाक्यावरील भाष्य होय.

प्रथम ह्या फुलाची ओळख करून देतो. बाजारात आणि नर्सरीत जिरेनियम म्हणून जे मिळते, किंवा सुगंधी तेलासाठी महाराष्ट्रातील काही शेतकरी ज्याची लागवड करतात, ते हे नव्हे. ती झाडे मूळची दक्षिण आफ्रिकेकडील असून त्यांचे शास्त्रीय नाव पेलार्गोनियम. लिनिअसने १७५३ मध्ये दोहोंना एकाच नावाखाली घातले होते. १७८९ मध्ये ती वेगळी करण्यात आली, पण लोकांच्या तोंडी जुने नावच राहिले. खऱ्या जिरेनियमचे फळ लांब, टोकदार, पक्ष्याच्या चोचीसारखे असते. ग्रीक भाषेत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी; त्यावरून हे नाव आले. आपण त्याला आजच्यापुरते क्रौंचचंचू म्हणू. गंमत अशी की, हिमालय ओलांडून कांड्या करकोचा दर हिवाळ्यात गुजरातेत उतरतो. परंतु ज्याला त्याच्या जातभाईंचे नाव मिळाले, ते फूल काही खाली उतरत नाही.

ह्या फुलाने विज्ञानाला एक नवी वाट दाखवली आणि ती दिसली एका शाळामास्तरांना, हे ह्या सभेत आवर्जून सांगितले पाहिजे. ख्रिस्तिआन कॉनराड श्प्रेंगेल हे जर्मनीत बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावी शाळेचे प्रमुख होते. १७८७ च्या उन्हाळ्यात रानातील क्रौंचचंचूचे फूल न्याहाळताना त्यांना पाकळ्यांच्या तळाशी बारीक, मऊ केस दिसले. हे केस उगाच नसणार, असा विचार करून त्यांनी शोध घेतला. केसांखाली मधुरसाचे थेंब होते. पावसाचे पाणी केसांवर अडते, कीटकाला मात्र रस मिळतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. एवढ्याशा निरीक्षणातून फुले आणि कीटक यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास उभा राहिला. त्यांचा ग्रंथ १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु त्याची बूज कोणी राखली नाही. १७९४ मध्ये त्यांना शाळेतील पदही सोडावे लागले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी त्या ग्रंथाचे मोल ओळखले, तेव्हा श्प्रेंगेल हयात नव्हते. फुलाकडे थांबून पाहणारा शिक्षक जगाला रिकामटेकडा वाटतो, हे काही आजचे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे फूल बर्फात तगते, ते कडोदऱ्यात का मेले? ह्याचे उत्तर त्याच्या घरात आहे. क्रौंचचंचूच्या चारशेहून अधिक जाती जगात आहेत. बहुतेक समशीतोष्ण प्रदेशांत, आणि उष्ण कटिबंधात असल्या तर उंच डोंगरांवर. आपल्या देशात त्या हिमालयात आहेत, निलगिरीच्या माथ्यावरही एक जात आहे. थंडी आली की पाने सुकतात. जमिनीतील जाड खोडात अन्न साठलेले असते आणि कळ्या मातीच्या आधाराने झोपी जातात. वरचा बर्फ हा शत्रू नसून पांघरूण असतो, कारण बोचऱ्या वाऱ्यापेक्षा बर्फाखालची माती उबदार असते. उतारावर पाणी थांबत नाही. पानांच्या कुजीमुळे माती भुसभुशीत राहते. थंड रात्री, निथळती माती आणि सक्तीची विश्रांती ह्या तीन गोष्टींवर त्याचा कणखरपणा उभा असतो. माझ्या कुंडीत काय होते? पाणी धरून ठेवणारी उसाच्या शेतातील काळी माती, दमट रात्री आणि आश्विनाचे ऊन. मी त्याला थंडीपासून वाचवले नव्हते. थंडीला मुकवले होते. कणखरपणा हा एकट्या रोपाचा गुण नसतो. तो रोपाने आणि त्याच्या जागेने मिळून कमावलेला असतो.

पुढच्या वर्षी भाद्रपदात गुरुजी मला व्यारामार्गे आहव्याच्या एस. टी.ने डांगात घेऊन गेले. घाटात उतरून त्यांनी एका दरडीकडे बोट दाखवले. कातळावर चार बोटे माती, वरून झिरपणारे पाणी, आणि सगळी दरड गुलाबी झालेली. तो आपला तेरडा होता.

तेरड्यावर मराठी भाषेने थोडा अन्यायच केला आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणून आपण त्याला चंचलपणाचे प्रतीक करून टाकले. कोकणात त्याचीच गौर घरोघरी आणतात, कास पठारावर त्याच्या एका भावंडाने सप्टेंबरात जमीन रंगून जाते, तरी म्हण काही सुटत नाही. वास्तविक तेरडा पावसाळ्यापुरता जगतो आणि उरलेले आठ महिने बीजरूपाने मातीत वाट पाहतो. वैशाखात जो खडक हात लावू देत नाही, त्याच्याच फटीत त्याचे बी असते. रंग तीन दिवसांचा असेल. धीर वर्षाचा आहे.

त्या दिवशी मी गुरुजींना माझे नवे ज्ञान ऐकवले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात त्या काळच्या पद्धतीनुसार तेरडा हा क्रौंचचंचूच्याच कुळात घातलेला आहे. पुढे १९९८ पासून गुणसूत्रांतील द्रव्याच्या आधारे जी वर्गवारी मान्य झाली, तिने ही दोन्ही झाडे एकमेकांपासून पार दूर नेऊन ठेवली. मग दोघांत साम्य कसले? दोघेही फळ तडकवून बी दूर भिरकावतात. मात्र रीत उलटी. तेरड्याचे फळ रसाने टरारून फुगते आणि स्पर्श होताच त्याच्या पाच फाका गुंडाळत फुटतात. क्रौंचचंचूची चोच सुकत जाते, ताणली जाते आणि एके क्षणी तिच्या पट्ट्या खालून वर उसळून बी फेकतात. एक ओलाव्याच्या जोरावर, दुसरा कोरडेपणाच्या. रक्ताचे नाते नसताना सारख्याच गरजेने दोघांना सारखेच शहाणपण दिले.

मंडळी, हे कडोदऱ्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुंबई-अहमदाबादचा महामार्ग आणि सुरत-धुळ्याचा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, ते हे गाव. माझे वडील खानदेशातून येथे प्रिंटिंग मिलमध्ये कामाला आले. शेजारी ओडिशाचे, पलीकडे उत्तर प्रदेशाचे. कोणाचे कोणाशी रक्ताचे नाते नव्हते. आम्हीही उपटून आणलेली रोपेच होतो. आम्ही जगलो, कारण ह्या शाळेच्या रूपाने आमच्या डोंगराची ओंजळभर माती आमच्याबरोबर आली. आमची भाषा येथे हसण्यावारी गेली नाही. गुरुजींनी आम्हाला गुजराती उत्तम शिकवली, आणि कानबाईच्या दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या मुलाला कधी उभे केले नाही.

डांगातून परतताना गुरुजींनी तेरड्याची दहा-बारा पिकली फळे कागदाच्या पुडीत घेतली. रोप एकही उपटले नाही. ते बी त्यांनी शाळेच्या सबंध आवारात उधळले. मी विचारले, “कुंडीत का नको, गुरुजी?” ते म्हणाले, “त्यालाच जागा निवडू दे.” पुढच्या आषाढात उन्हातल्या मैदानात एकही रोप दिसले नाही, उत्तरेकडच्या भिंतीलगत, नळाचे पाणी ओघळते त्या सावलीच्या पट्ट्यात मात्र सात रोपे उगवली. गेली तीस वर्षे तो पट्टा दर पावसाळ्यात फुलतो आहे. आज येताना मी प्रथम तेथेच गेलो.

आवारात फरशा बसवण्याचा विचार चालू असल्याचे कानावर आले. चिखल होतो, मुले घसरतात, हे मला मान्य आहे. परंतु माझी नम्र विनंती आहे की, उत्तरेकडचा तो हातभर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा. फरशीखाली गेलेल्या बीला धीर कितीही असला तरी उपयोग नाही. आणि फलक लावायचाच असेल, तर त्यावर गुरुजींचे नाव नको. ते त्यांना आवडले नसते. फक्त ‘येथे तेरडा उगवतो’ एवढे लिहावे, म्हणजे एखादे मूल जूनमध्ये थांबून पाहील.

धनौल्टीच्या त्या दोन रोपांचे ऋण माझ्यावर अजून आहे. ती परत देता येणार नाहीत. त्यानंतर मी विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा हिमालयात गेलो, क्रौंचचंचूपुढे गुडघे टेकून बसलो, भिंगातून त्याच्या पाकळ्यांवरचे केस दाखवले. मुळाला मात्र हात लावू दिला नाही. गुरुजींची दक्षिणा मी अशी हप्त्याहप्त्याने फेडतो आहे.