ईमच्या वेशीवरचा दगड

गेल्या उन्हाळ्यात मुलाने इंग्लंडमधला डर्बीशायर परगणा हौसेने फिरवून दाखवला. चॅट्सवर्थचा राजवाडा पाहिला, मॅटलॉक बाथला केबल कारने डोंगर चढलो. छानच आहे सगळं. पण मी थबकलो तो ईम नावाच्या लहानशा गावात.

१६६५ साली तिथे प्लेग शिरला. लंडनहून आलेल्या कापडातून आला, असं सांगतात. शेजारच्या गावांना लागण होऊ नये म्हणून पाद्री विल्यम मॉम्पेसन यांचं ऐकून लोकांनी स्वतःलाच गावात कोंडून घेतलं. मॉम्पेसन यांची पत्नीही त्यात गेली. वेशीवर भोकं पाडलेला एक दगड अजून आहे. भोकांत व्हिनेगर ओतून गावकरी त्यात नाणी ठेवायचे, बाहेरचे लोक जिन्नस ठेवून ती न्यायचे. जन्मभर बँकेत पैसे मोजले, पण असा भरणा कधी पाहिला नव्हता!

मला आपलं गेट आठवलं. २०२० साली तिथेही टेबलावर दुधाच्या पिशव्या ठेवायचो. सेक्रेटरी मीच होतो. आजारी वडिलांना भेटायला आलेल्या बी-विंगमधल्या एका लेकीला मी नियम दाखवून तिथूनच परत पाठवलं. वडील पुढे बरे झाले, पण त्या रात्री ती रिक्षात बसून रडत होती. आज ती समोर बसली आहे. बाळ, तेव्हा माझं चुकलं.