पतीचें राष्ट्र, पत्नीचें राष्ट्र

लग्न लागलें कीं मुलीचें गोत्र पालटतें, आडनांव पालटतें, आणि आपल्याकडे कित्येक घरांत तर बारशाला ठेवलेलें नांवही पालटतें. माप ओलांडून ती घरांत आली म्हणजे ती त्या घरची झाली, या कल्पनेची संवय आपल्या समाजाला इतकी जडलेली आहे कीं, तींत विचारण्यासारखें कांहीं आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु सुधारलेलीं म्हणविणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेनेंही हीच कल्पना एके काळीं आपल्या कायद्यांत घालून ठेवली होती, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. फरक एवढाच कीं, आपल्याकडे स्त्रीचें गोत्र बदलत असे, त्यांच्याकडे तिचें राष्ट्र बदलत असे. वर एका देशाचा आणि वधू दुसऱ्या देशाची असली तर दोघांनीं राहावयाचें कोठें, कोणाच्या परवानगीनें, आणि परवानगी न मिळाल्यास काय करावयाचें, हा प्रश्न आज पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांतूनही ऐकूं येतो. कारण परदेशीं शिकावयास गेलेला मुलगा मेक्सिकन सून आणतो, मुलगी जर्मन जांवई आणते. या प्रश्नाचें मूळ पाहावयाचें तर त्या जुन्या कायद्यांपासूनच आरंभ करावा लागतो.

इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, नवरा ज्या राष्ट्राचा असेल त्याच राष्ट्राची बायको समजावी. १९१४ च्या कायद्यानें तेंच पुन्हां थोडक्यांत सांगितलें: ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश, परक्याची बायको ती परकी. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें, आणि लंडनमध्यें जन्मलेल्या, जर्मन भाषेचा गंधही नसलेल्या बायका केवळ नवरा जर्मन म्हणून शत्रुराष्ट्राच्या प्रजा ठरल्या. त्यांना पोलिसांकडे जाऊन नांव नोंदवावें लागे, आणि राहत्या घरापासून पांच मैलांपलीकडे जावयाचें तर परवाना काढावा लागे. जन्मगांवींच परकी होण्याचा हा प्रसंग! तथापि या कायद्याची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर अन्याय होईल. त्यानें नवराबायकोंची ताटातूट केली नाहीं. इंग्रजाशीं लग्न लावणारी फ्रेंच मुलगी चर्चच्या पायऱ्या उतरतांना ब्रिटिश झालेली असे. लग्नाचा दाखला हाच तिचा परवाना होता. दोघांना एक देश मिळे; त्याची किंमत मात्र नेहमीं स्त्रीच देई.

अमेरिकेनें १९०७ सालीं हाच मार्ग धरला. एथेल मॅकेंझी या कॅलिफोर्नियांतील बाईंनीं १९०९ सालीं गॉर्डन मॅकेंझी नांवाच्या स्कॉटिश गायकाशीं लग्न केलें. दोघेंही सॅन फ्रान्सिस्कोंतच राहत होतीं. बाईंनीं देशाबाहेर पाऊलही टाकलें नव्हतें. १९११ सालीं त्या संस्थानांत स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्यासाठीं खटपट करणाऱ्यांत या बाई होत्या. म्हणून १९१३ च्या जानेवारींत त्या मोठ्या उत्साहानें मतदारांच्या यादींत नांव घालावयास गेल्या. तेथें त्यांना सांगण्यांत आलें कीं, आपण आतां ब्रिटिश आहांत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१५ सालीं त्यांच्या विरुद्ध निकाल लागला. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, परक्याशीं लग्न केल्याचे परिणाम ठाऊक असतांना तें आपखुषीनें केलें, तेव्हां राष्ट्रही आपखुषीनेंच सोडलें. आपखुषी या शब्दाचा असा उपयोग फक्त कायद्याच्या पुस्तकांतच होऊं शकतो.

१९२२ सालीं अमेरिकेनें हा नियम बराचसा मोडला. पण त्या सुधारणेला एक शेपूट राहूं दिलें. ज्याला अमेरिकन नागरिक होतांच येत नाहीं अशा माणसाशीं विवाह करणारी स्त्री आपलें नागरिकत्व गमावील, असें तें शेपूट. तें कोणाला झोडपणार हें उघड होतें. कारण नागरिकत्व घेण्याचा हक्क त्या देशांत गोऱ्या माणसांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना होता, आशियांतल्या माणसाला नव्हता. हिंदी मनुष्य गोरा कीं नव्हे, याचा वाद खालच्या कोर्टांत कधीं असा, कधीं तसा तुटे. अखेर महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांच्या खटल्यांत १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, हिंदी मनुष्य गोरा नव्हे. थिंद यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे एक होते. नांव ऐकतांच मराठी श्रोत्याचे कान टवकारावेत असें नांव आहे खरें.

हे पंडित स्वतः १९१४ सालीं लॉस एंजेलिसच्या न्यायालयांत सर्व वाद होऊन रीतसर नागरिक झाले होते. पुढें त्यांनीं वकिलीची सनद मिळविली, आणि १९२० सालीं लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशीं विवाह केला. थिंद खटल्याचा निकाल लागतांच सरकारनें पूर्वीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे दाखले रद्द करण्याचा सपाटा लावला, आणि त्यांत पंडितांवरही दावा लागला. अशिलासाठीं हरलेली लढाई आतां वकिलाला स्वतःच्या घरासाठीं लढावी लागली. गोरेपणाचा वाद तर संपलाच होता. तेव्हां त्यांनीं दुसरीच वाट धरली. सरकारनें मला नागरिक म्हटलें त्या शब्दावर विसंबून मीं धंदा उभा केला, लग्न केलें. आज तो शब्द फिरविला तर माझी सनद जाईल एवढेंच नव्हे, तर येथेंच जन्मलेली माझी बायको आपलें नागरिकत्व गमावील आणि आम्ही दोघेंही कोणत्याच देशाचीं राहणार नाहीं, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य होतें. हा मुद्दा वकिली होता तितकाच प्रापंचिक होता. खालच्या कोर्टानें तो मानला. १९२६ सालीं वरच्या न्यायालयानेंही, एकदां वाद होऊन लागलेला निकाल सरकारला पुन्हां उकरतां येणार नाहीं, असें ठरविलें. आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील ऐकण्याचेंच नाकारलें. त्यानंतर हिंदी लोकांचे दाखले काढून घेण्याची मोहीम थंडावली. वंशाच्या प्रश्नावर सरकार जिंकलें आणि संसाराच्या प्रश्नावर हरलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. तें शेपूट १९३१ सालीं कापण्यांत आलें. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळण्यास मात्र १९४६ साल उजाडावें लागलें.

इंग्लंडनें आपला जुना नियम १९४९ च्या आरंभापासून टाकून दिला. १९५७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं विवाहित स्त्रीच्या राष्ट्रीयत्वाचा करार मंजूर केला, आणि लग्नानें स्त्रीचें राष्ट्र आपोआप पालटूं नये हें तत्त्व पुष्कळ देशांत रूढ झालें. स्त्रीला स्वतःचें राष्ट्र मिळालें, हें चांगलेंच झालें. परंतु दोन व्यक्ती, दोन राष्ट्रें असें ठरल्यावर त्यांना एका छपराखालीं राहण्याचा हक्क कोण देणार, याचें उत्तर कोणत्याही करारांत नव्हतें. पूर्वीं लग्नाच्या दाखल्यांतच जो परवाना असे, तो आतां वेगळा मागावा लागूं लागला. आणि मागणारा आला म्हणजे देणाऱ्याच्या अटी आल्या.

या अटी कशा वाढत जातात हें इंग्लंडच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. तेथें स्थायिक झालेल्या पुरुषाला परदेशांतून बायको आणणें सोपें, पण स्थायिक स्त्रीला नवरा आणणें कठीण, अशी एके काळीं स्थिति होती. नवरा आला कीं नोकरी मागणार, हें त्यामागचें कारण. तीन स्त्रियांनीं याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत दाद मागितली. २८ मे १९८५ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, स्त्रीपुरुषांत असा भेद करणें गैर आहे. निकाल ऐकून त्या स्त्रियांना आनंद झाला असेल. सरकारनें समता आणली ती अशी: नवऱ्यांना दार उघडण्याऐवजीं बायकांच्या वाटेंतही तेच अडसर घातले! विवाहाचा मुख्य हेतु इंग्लंडांत येणें हा नाहीं, असें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकणारा नियम तर १९९७ पर्यंत चालू होता. नसलेला हेतु नसल्याचें सिद्ध करून दाखविणें म्हणजे काय, हें तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाच विचारावें.

नंतर हेतूची जागा पैशानें घेतली. परदेशीय जोडीदार आणावयाचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंड मिळकत हवी, असें २०१२ सालीं ठरलें. ११ एप्रिल २०२४ पासून ती मर्यादा २९,००० वर नेण्यांत आली. शिलकीचा कांहीं हिशेब धरतात. पण बाहेरून अर्ज करणाऱ्या जोडीदाराची त्याच्या देशांतील कमाई धरीत नाहींत. मुंबईंत उत्तम पगार मिळविणाऱ्या डॉक्टर बाईची मिळकत या हिशेबांत शून्य, आणि इंग्लंडांत रुग्णशुश्रूषा करून पोट भरणाऱ्या तिच्या नवऱ्याचे पांचशें पौंड कमी पडले तर संसार अडला. शिवाय दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे. अंतरपाट दूर होईपर्यंत एकमेकांचें तोंड न पाहिलेल्या आपल्या आजी-आजोबांचा अर्ज या कचेरीनें पहिल्याच खिडकीवरून परत केला असता; त्यांचा संसार पुढें पन्नास वर्षें चालला, हा पुरावा तेव्हां कोठून आणावयाचा?

अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यापासून नवविवाहित जोडीदाराला प्रथम दोन वर्षांचाच सशर्त वास मिळतो; मुदत संपण्यापूर्वीं दोघांनीं पुन्हां अर्ज करून, घरभाड्याचे करार, बँकेचीं खातीं, छायाचित्रें असे पुरावे द्यावयाचे. संशय आल्यास दोघांना वेगवेगळें बसवून कोण कोणत्या बाजूस निजतें, न्याहारीला काय खातें, असले प्रश्न विचारतात. एवढें करूनही भरंवसा नाहीं. कॅलिफोर्नियांतील एका अमेरिकन वकील बाईच्या एल् साल्व्हादोर येथील पतीला तेथील अमेरिकन वकिलातीनें व्हिसा नाकारला. त्याच्या अंगावरील गोंदण पाहून तो एका गुन्हेगारी टोळीचा असावा असा तर्क अधिकाऱ्यांनीं बांधला, असें बाईला कित्येक वर्षांनीं कळलें. २१ जून २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, परदेशीय जोडीदाराला देशांत आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाहीं. एथेल मॅकेंझींनीं नवरा राखला आणि देश गमावला; या बाईजवळ देश आहे, नवरा नाहीं.

आपल्याकडचा हिशेबही तपासला पाहिजे. परक्यांच्या घरांतील धूळ लवकर दिसते. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांत विवाहाच्या आधारें नोंदणीची सोय होती ती केवळ भारतीयाशीं लग्न केलेल्या स्त्रियांना. परदेशीय सून चालत होती, परदेशीय जांवई चालत नव्हता. म्हणजे सासर-माहेराची आपली जुनी समजूतच कायद्यांत उतरली होती. १९८६ च्या दुरुस्तीनें ती सोय पुरुषांसही मिळाली, पण पांच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या कायद्यानें ती सात वर्षांवर नेली. मध्यंतरीं दरवेळीं व्हिसाची मुदत वाढवून घ्यावयाची. २०१५ पासून, नोंदलेल्या विवाहाला दोन वर्षें झालीं कीं, परदेशीय जोडीदाराला 'ओसीआय' कार्ड मागतां येतें. त्यानें राहतां येतें, नोकरी करतां येते. मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. सासऱ्यांच्या आंब्याच्या बागेंत राबणाऱ्या परदेशीय सुनेला शेजारचें कुणग घ्यावयाचें झालें तर तिनें नवऱ्याकडे पाहावें! आणि घटस्फोट झाला तर कार्डही रद्द होऊं शकतें, मग तिनें या देशांत वीस वर्षें काढलेलीं असोत.

ज्यांचे स्वतःचे, आईबापांचे किंवा आजापणजाचे नागरिकत्व कधीं पाकिस्तानचें वा बांगला देशाचें होतें, त्यांना हें कार्डही मिळत नाहीं; आणि आपल्याकडे परराष्ट्रीय लग्नें सर्वांत जुन्या नात्यांतलीं असतील तर तीं याच सीमेवरचीं आहेत. कराचीची मावसबहीण आणि लखनौचा मावसभाऊ यांचीं लग्नें फाळणीनंतरही होत राहिलीं. एप्रिल २०२५ मध्यें पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत सरकारनें पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले आणि सीमा ओलांडण्यास थोड्या दिवसांची मुदत दिली. राष्ट्रावर हल्ला झाला असतां सरकारनें कठोर व्हावें यांत आश्चर्य नाहीं. त्या दिवसांत अटारीच्या फाटकापाशीं, लग्न होऊन पाकिस्तानांत नांदणाऱ्या आणि माहेरीं भेटीस आलेल्या कांहीं भारतीय स्त्रिया मुलांसह येऊन पोंचल्या. मुलांचे पासपोर्ट बापाच्या देशाचे, हिरवे. आईचा जन्माच्या देशाचा, गडद निळा. हिरवीं पुस्तकें तपासून मुलांना पलीकडे जाऊं देण्यांत आलें, आणि निळें पुस्तक हातांत असलेल्या आईला अलीकडेच थांबविण्यांत आलें.